उशीच्या खोळीतला पाव

माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत त्या आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई. आईवडिलांनी जन्म दिला, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून वाढवलं. पण मलाही शिकवण्यात अर्थ आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं ते बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर, वडिलांचं सायकलचं पंक्चर काढायचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा, पाण्याची परात आणि हवेचा पंप. मी नववीत असताना माझी जागाही तिथेच, असं घरात सगळ्यांनी धरलेलं होतं. मीसुद्धा.

बाई लेडीज सायकलवर शाळेत यायच्या. आवाज मोठा नाही, छडी नाही, आणि पुस्तक उघडून वाचून दाखवणं त्यांना मुळीच आवडत नसे. नववीला रशियन राज्यक्रांतीचा धडा होता. सन एकोणीसशे सतरा. महायुद्ध चाललेलं, झारचं सैन्य आघाडीवर मरतंय, राजधानी पेट्रोग्राडमध्ये पाव मिळत नाही, बायका रस्त्यावर उतरतात, झार गादी सोडतो आणि वर्ष संपायच्या आत दुसरी क्रांती होते. पुस्तकात हे सगळं दीड पानात उरकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘कारणे द्या.’ बाईंनी धडा काढलाच नाही. म्हणाल्या, “उठा. जोड्या करा. रेशन दुकानापाशी जायचंय. वही घ्यायची नाही. बायका रांगेत काय बोलतात तेवढं ऐकून यायचं.”

रेशनचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. त्या दिवशी रॉकेल यायचं होतं. आमच्याकडे नंबर लावायला माणूस लागत नसे, डबा लागे. सुतळीने एकमेकांना बांधलेले डबे गल्लीच्या टोकापर्यंत गेलेले, आणि त्यांच्या मालकिणी भिंतीच्या सावलीला. आमचा डबा कडीला बांधलेल्या लाल चिंधीवरून लगेच ओळखू आला. शेजारी आई.

“शाळा सोडून इथं काय करायलास?”

“बाईंनी पाठवलंय. क्रांती कशी होते ते बघायला.”

“बघ मग,” आई म्हणाली, “अन् बघत बघत माझ्या डब्याकडं ध्यान ठेव. चुलीवर भाजी ठिवून आलेय मी.”

वर्गात परत आल्यावर बाईंनी एकेकाला विचारलं. बायका आधी गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. मग दुकानदार माप कसं मारतो त्याबद्दल. मग दुकानदाराच्या पाठीशी असलेल्या तहसीलच्या साहेबाबद्दल. शेवटी एकीने सरकारचं नाव काढलं होतं, आणि जे म्हणाली ते सांगायला एकही मुलगा तयार नव्हता. बाई हसल्या. “एका तासिकेत गुडघ्यापासून सरकारपर्यंत पोचल्या. पेट्रोग्राडच्या बायका तिथल्या थंडीत महिनोन्‌महिने उभ्या होत्या, आणि घरातले पुरुष युद्धावर. लिहा आता कारणं.”

धड्यातली एक गोष्ट आम्हाला पचत नव्हती. फेब्रुवारीतल्या क्रांतीला आपल्या कॅलेंडरात मार्च होता आणि ऑक्टोबरातल्या क्रांतीला नोव्हेंबर, हे कसं? बाईंनी मलाच उभं केलं. “तुझ्या आईला तुझा वाढदिवस विचारला तर काय सांगेल?”

“पंचमी. श्रावणातली.”

“आणि शाळेच्या दाखल्यावर?”

“तारीख.”

“तू एकदाच जन्मलास ना? बस. त्यांच्याकडे त्यांचं जुनं पंचांग होतं म्हण.”

रशियाचं मला जे काही माहीत होतं ते एवढंच: एक रांग आणि एक पंचांग. पुढे मी इंजिनियरिंगचा डिप्लोमा केला, डिग्री केली, पुण्यात नोकरी केली. कॅनडाला शिकायला निघालो तेव्हाही हे दोन्ही बरोबर होतं. पण त्याचा कुठे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

टोरांटोत मी दोन हजार पंधरा साली आलो. कॉलेज संपेपर्यंत पाच पोरांबरोबर एका बेसमेंटमध्ये राहिलो. मग एटोबिकोला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीच्या विभागात काम मिळालं, पीआरसाठी, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, अप्लाय केलं आणि रिचमंड हिलमध्ये एका जुन्या घराचं बेसमेंट एकट्याने घेतलं. कामाला जायला दोन बस बदलाव्या लागत, पण खोलीला दार होतं आणि दार लावलं की आत मी एकटा.

वर घरमालकीण एकटी राहायची. ऐंशी ओलांडलेली रशियन बाई, पाठीत जरा वाकलेली, डोक्याला कायम रुमाल. मी मनातल्या मनात त्यांना मालकीणबाई म्हणायचो. त्या मला ‘स्टुडंट’ म्हणायच्या. नोकरी लागून वर्ष झालं तरी स्टुडंटच. अटी दोन होत्या. बर्फ पडला की ड्राइव्हवे मी शोव्हल करायचा आणि ओले बूट घेऊन जिना चढायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी फोडणी टाकली तर वरून काठी आपटत खाली आल्या. “काय जळतंय?”

“काही जळत नाहीये. मोहरी आहे.”

“मग ती रडते का?” असं तडतडणाऱ्या कढईकडे बघत म्हणून वर गेल्या. पुढच्या रविवारी स्वतःच वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ते जळकं आहे का आज?”

बेसमेंटमध्ये माझ्या खोलीच्या पलीकडे घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची खोली होती. तिथे एका फळीवर उशीच्या खोळी ओळीने ठेवलेल्या असत, फुलाफुलांच्या, तोंडाला सुतळी बांधलेल्या. मला वाटलं, धुणं असेल. एकदा फिल्टर बदलताना कोपर लागलं तर खोळीत खडी भरल्यासारखा आवाज झाला. उघडून पाहिलं तर पाव. कापून, भट्टीत वाळवून खडखडीत केलेला पाव. सगळ्या खोळींत तेच.

मी विचारलं तेव्हा त्यांनी काठीने जिन्याकडे खूण केली. वर बोलावलं, चहा केला आणि बशीत तो पाव ठेवला. मी तो चहात बुडवून, थेंब निथळू देऊन खाल्ला. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

“हे कोणी शिकवलं?”

“आमच्या गावच्या बेकरीत असाच टोस्ट मिळतो. नाही बुडवला तर दात पडतात.”

त्या दिवशी त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं. एकोणीसशे सतरात त्यांची आई दहा-अकरा वर्षांची होती, पेट्रोग्राडमध्ये. वडील आघाडीवर गेलेले. ते आलेच नाहीत. पहाटे अंधारात आजी रांगेत उभी राहायची आणि उजाडलं की तिच्या जागी ही पोरगी. एकीचे पाय गोठले की दुसरी. एक दिवस दुकानाचं फळकुट खाली आलं आणि पाव संपला म्हणून सांगितलं. मग पुढच्या बाया हलल्याच नाहीत, ओरडायला लागल्या, आणि त्यांच्या मागे सगळा रस्ता. वर्ष बदललं, राज्य बदललं, भूक तीच राहिली. आजी पोरीला घेऊन आपल्या खेड्यात गेली. तिथे बंदुका घेतलेली माणसं यायची, धान्याची पोती मोजायची आणि घेऊन जायची. भिंतीवर, जमिनीवर ठोकून बघायची, आत पोकळ वाजतं का. पुढे पूर्वेकडे रेल्वेने, थांबत थांबत, त्या चीनमधल्या हार्बिनला पोचल्या. मालकीणबाई तिथे जन्मल्या. लग्न होऊन कॅनडात आल्या आणि काही वर्षांनी आईलाही आणलं. आई ह्याच घरात वारली. मरेपर्यंत उरलेला पाव कधी टाकला नाही. दर शनिवारी वाळवायची. ती गेल्यावर मुलगी वाळवायला लागली.

“का पण?” मी विचारलं. “इथे तर कोपऱ्या-कोपऱ्यावर ग्रोसरी आहे.”

“तिथेही कोपऱ्या-कोपऱ्यावर बेकरी होती,” त्या म्हणाल्या.

दोन हजार सतरा साली आमच्या लायब्ररीत एका टेबलावर कॅनडाला दीडशे वर्षं झाल्याची पुस्तकं मांडली होती आणि बाजूच्या लहान टेबलावर रशियन क्रांतीला शंभर झाल्याची. मी त्यातलं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. मालकीणबाईंनी मजकुराकडे पाहिलं नाही. पानं उलटत एका फोटोवर थांबल्या. पावाच्या दुकानासमोरची रांग, शाली गुंडाळलेल्या बायका. चष्मा काढून, फोटो नाकाजवळ धरून एकेक चेहरा बघत गेल्या.

“सापडल्या का?” शेवटी मीच विचारलं.

“नाही. आम्ही दुसऱ्या दुकानाला होतो,” त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं.

त्यांचा मुलगा कॅल्गरीला तेलाच्या कंपनीत इंजिनियर होता. साठीला आलेला, बोलायला नीट, आईला रोज फोन करणारा. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तो आला तेव्हा दोन गोष्टी झाल्या. स्वयंपाकघरात त्याला एक भांडं सापडलं, तळ काळाठिक्कर पडलेलं. मालकीणबाई गॅसवर पाणी ठेवून विसरल्या होत्या. आणि फर्नेसच्या खोलीत त्याला खोळी सापडल्या, त्यातली एक उंदराने कुरतडलेली. तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“हे इथे कधीपासून आहे?”

“मी यायच्या आधीपासून.”

“आजी करायची तेव्हा समजू शकत होतो. पण आता हिचं डोकं चालत नाहीये. कोण पोत्यांनी पाव साठवतं?” कॅल्गरीत आमच्या घराजवळ वृद्धांसाठी चांगली जागा आहे, म्हणाला. होम केअरच्या सरकारी ऑफिसातून कोणीतरी घरी येऊन ती एकटी राहू शकते का ते तपासणार होतं, त्यानंतर बोलू. “तुला दुसरं बेसमेंट शोधायला वेळ मिळेल, काळजी करू नकोस.”

तो गेल्यावर मालकीणबाई जिन्यात येऊन बसल्या. आवाज चढवला नाही. “मला तिकडे जायचं नाही, स्टुडंट. आम्ही दोन देश सोडलेत. हे घर सोडणार नाही. माझी आई ज्या खोलीत गेली त्याच खोलीतून मी जाणार.” मग म्हणाल्या, “ती बाई येईल तेव्हा तू घरी राहशील?”

मी राहीन म्हणालो. सुट्टी टाकली. आणि तयारीला लागलो, कारण साहेब तपासणीला येणार म्हटलं की काय करायचं ते माझ्या शाळेने मला पक्कं शिकवलेलं होतं.

आमच्याकडे शिक्षण खात्याचे साहेब यायचे तेव्हा आठवडाभर आधीपासून शाळा वेगळी दिसायला लागे. भिंतींना चुना, मोडके बाक गच्चीवर, प्रयोगशाळेतल्या बरण्यांना नवी लेबलं. साहेब काय विचारणार ते मुख्याध्यापकांना ठाऊक असायचं आणि कोणी काय उत्तर द्यायचं ते मुलांना. आणि आदल्या दिवशी कच्च्या मुलांच्या कानात सांगितलं जायचं, “उद्या घरी राहा.”

मी तसंच केलं. मालकीणबाई चर्चला गेल्या असताना सगळ्या खोळी माझ्या खोलीत आणल्या. काही पलंगाखाली, काही कपाटात, दोन सुटकेसमध्ये. फळी पुसून तिच्यावर रंगाचे रिकामे डबे मांडले. करपलेलं भांडं कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी त्यांना समोर बसवून उत्तरं घोकून घेतली. पंतप्रधान कोण, प्रांत कोणता, औषध कधी घेता. तारखेपाशी गाडी अडली. त्यांचं चर्च जुन्या पंचांगाने चालायचं, सरकारच्या तेरा दिवस मागे. “त्यांनी विचारलं तर फक्त सरकारची सांगायची,” मी बजावलं. “आणि पावाचा विषय काढायचा नाही.”

“का? तो काय चोरीचा आहे?”

“नाही. पण काढू नका.”

खोळी हलवल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. उगीच घाबरतील, असं वाटलं.

केअर कोऑर्डिनेटर तरुण होती. दारातच बूट काढले, कोट स्वतः अडकवला आणि चहा घेते म्हणाली. मला बरं वाटलं. मुलाला फोनवर घेतलं होतं, फोन टेबलाच्या मधोमध. मालकीणबाई नवा रुमाल बांधून ताठ बसल्या होत्या. पंतप्रधान बरोबर आले. प्रांत बरोबर आला.

“आज तारीख काय?”

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “कोणाची? चर्चची की सरकारची?”

ती हसली आणि काहीतरी लिहिलं. मी खुर्चीच्या कडेला आलो.

नंतर तिला घर बघायचं होतं. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, जिन्याला कठडा आहे का. मालकीणबाई पुढे, ती मागे, फोन हातात घेऊन मी शेवटी. बेसमेंटमध्ये उतरल्यावर फर्नेसच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच उघडलं. कोणी घर बघायला आलं की तीच खोली दाखवायची त्यांना सवय असावी. दिवा लावला. फळीवर रंगाचे डबे.

फळीवरून हात फिरवला, डब्यांच्या मागे, भिंतीपर्यंत. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

“घेऊन गेले,” त्या म्हणाल्या.

“कोण घेऊन गेले?” कोऑर्डिनेटरने वाकून विचारलं.

मालकीणबाई तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे आणि हातातल्या कागदांकडे बघत होत्या. “तुम्ही मोजायला आलात ना? मग विचारता कशाला?” आणि पुढे रशियनमध्ये हळू आवाजात काहीतरी, परत परत तेच.

फोनमधून मुलाचा आवाज आला. “ऐकलंत? मी हेच सांगत होतो.”

मला त्या क्षणी आमच्या दुकानातली पाण्याची परात आठवली. नववीतल्या तपासणीच्या दिवशी मी त्या परातीत ट्यूब दाबून बुडबुडे बघत बसलो होतो, कारण मला इंग्रजी येत नव्हतं आणि आदल्या दिवशी माझ्याही कानात सांगितलं गेलं होतं. बाई सायकलवरून आल्या. चाकात हवा होती. वडिलांना म्हणाल्या, “दादा, पोराला न्यायला आलेय. हात धुवायला सांगा.” त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. साहेबांनी नेमकं मलाच उठवून इंग्रजीचं पुस्तक वाचायला दिलं. मी पहिल्या ओळीतच अडकलो. मुख्याध्यापक बाईंकडे बघत होते. बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “त्याला येत नाही, साहेब. का येत नाही ते मला विचारा.” आणि साहेबांनी विचारलं. तोपर्यंत ते कोणी विचारलंच नव्हतं. बाईंनी सांगितलं, सकाळी हा दुकान उघडतो, म्हणून पहिल्या दोन तासिका चुकतात, इंग्रजी पहिल्या तासिकेला असतं. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या तुकडीचं इंग्रजी दुपारी गेलं. मी आज ज्या भाषेत त्या कोऑर्डिनेटरशी बोलत होतो ती तिथून सुरू झाली होती.

मी खोलीत गेलो आणि खोळी एकेक करून बाहेर आणल्या. जमिनीवर ओळीत ठेवल्या.

“हे मी लपवलं,” मी म्हणालो. “ह्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला ते बघून ह्यांचं डोकं फिरलंय असं वाटेल म्हणून.”

मालकीणबाई उठल्या. जवळची खोळ दाबून पाहिली, गाठ पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. “कुठे ठेवलास?”

“पलंगाखाली. कपाटात.”

“पलंगाखाली,” त्या कोऑर्डिनेटरला म्हणाल्या. “ऐकलंत? इंजिनियर आहे. अहो, पलंगाखाली तर सगळ्यात आधी बघतात.” आणि मला, “लपवायचं तर मला सांगून लपवायचं. आई आणि आजी दोघी मिळून लपवायच्या.”

कोऑर्डिनेटर पायरीवर बसली, कागद बाजूला ठेवून. “कशापासून लपवायच्या?” तिने विचारलं.

मग मालकीणबाईंनी सगळं सांगितलं. दुकान, रांग, गोठलेले पाय, न आलेले वडील, भिंतीवर ठोकणारी माणसं. सालं बरोबर, माणसं बरोबर, कुठे गोंधळ नाही. मला जिथे वाटलं तिथे मी भर घातली, की ही गोष्ट मी एका लहान गावात, मराठीत, शाळेत शिकलोय, आणि रांग लावणाऱ्या घरात काय काय साठवतात ते मला माहीत आहे. आमच्या घरी गॅस आल्यावरही आईने रॉकेलचा डबा बरीच वर्षं भरून ठेवला होता.

“मॉम, युद्ध संपलं,” मुलगा फोनवरून म्हणाला. आवाज थकलेला होता.

“तुझं संपलं. तू नंतर आलास.”

“आणि तू,” तो मला म्हणाला, “तुझं बेसमेंट जाईल म्हणून तू बोलतोयस हे मला कळतं.”

“तेही आहे,” मी म्हणालो. “मला इथेच राहायचंय. म्हणून दुसरंही सांगतो. भांडं एकदा नाही, दोनदा करपलं. पहिलं मी टाकून दिलं होतं, आता दुसरंही टाकलंय. आणि मागच्या महिन्यात त्या मागच्या पायऱ्यांवरून घसरल्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, म्हणून मी सांगितलं नाही.”

मालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांच्या रुमालाकडे बघावं लागलं. कोऑर्डिनेटरने कागद परत घेतले. “पाव मी आजार म्हणून लिहिणार नाही,” ती म्हणाली. “गॅस आणि पायऱ्या लिहिणार. त्यांचं काहीतरी करता येतं.” आणि जाताना मालकीणबाईंनी तिच्या खिशात दोन तुकडे कोंबले ते तिने घेतले.

त्यानंतर आठवडाभर मालकीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. वाटी घेऊन रविवारी आल्या नाहीत. मी मोहरी टाकली की वरून काठी आपटायच्या. त्या आठवड्यात मला झोप नीट लागेना. कोणाचंही भलं होईल की नाही हे ठरलेलं नव्हतं, आणि मी सांगितलेलं खरं त्यांच्या विरुद्ध गेलं असतं तर मला काय करायचं तेही माहीत नव्हतं. बाईंना पत्र लिहायचं मी तेव्हाच ठरवलं. पण काय झालं ते कळल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता. पत्र गेलं ते जानेवारीत. त्याची मी नक्कल ठेवली नव्हती. बाईंनीच मागच्या वर्षी फोटो काढून पाठवला. खाली तेच देतो.

बाई, नमस्कार.

फोनवर तुम्ही मला जास्त बोलू देत नाही, माझं बिल वाढेल म्हणता. म्हणून हाताने लिहितोय. अक्षर तेव्हा होतं तसंच आहे.

मागे फोनवर सांगितलं होतं की इथे घरमालकिणीची तपासणी होणार आहे आणि मी तयारी करतोय. तुम्ही तेव्हा म्हणालात, “कसली तयारी?” आणि मी विषय बदलला. मी त्यांचा पाव लपवला होता, बाई. शाळेत गच्चीवर बाक लपवायचे तसा. त्यांना तो दिसला नाही तेव्हा त्या इतक्या घाबरल्या की मला वाटलं, माझ्यामुळेच ह्यांचं घर जातंय. मग मला तुम्ही साहेबांपुढे माझ्याबद्दल जे बोललात ते आठवलं आणि मी खोळी बाहेर आणल्या. भांडी करपल्याचंही सांगितलं. ते सांगायला खोळी आणण्यापेक्षा जड गेलं.

घर राहिलं. गॅसला आपोआप बंद होणारं यंत्र लावलं. मागच्या पायऱ्यांना कठडा मी आणि त्यांच्या मुलाने मिळून लावला. तो त्यांच्या नाताळाला आला होता. त्यांचा नाताळ जानेवारीत असतो, जुन्या पंचांगाने. तुम्हाला हे सांगायला नकोच. आठवड्यातून काही दिवस एक मदतनीस येते. तिच्याबद्दल मालकीणबाई म्हणतात, “ही मला काही करू देत नाही,” आणि मग तिलाच वाटी भरून देतात. पाव आता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत आहे, उंदरांमुळे. खोळी त्यांनी धुऊन ठेवल्या आहेत. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात बघू, असं मुलगा म्हणाला. तेवढं मला पुष्कळ वाटतं. जाताना तो एक डबा बरोबर घेऊन गेला. कशाला, ते मी विचारलं नाही.

मालकीणबाई आता माझ्याशी बोलतात. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं, रॉकेलच्या रांगेचंही. त्यांनी विचारलं, “तुझ्या आईचा डबा रांगेत कितवा होता?” मला आठवेना. तुम्हाला आठवतोय का? आईला विचारलं तर ती म्हणते, तुझ्या बाईंच्या त्या क्रांतीपायी माझी भाजी करपली, एवढंच आठवतंय.

तुमच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं की लगेच सायकल काढू नका. वडील म्हणतात तुमच्या सायकलला आता पंक्चर काढायलाही ट्यूब उरलेली नाही.

कंपनीतला एकजण पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर एक लहान पिशवी देतोय. त्यात मालकीणबाईंचा पाव आहे. चहात नीट बुडवून खा, दाताला लागेल. पिशवीची गाठ त्यांनी स्वतः मारली आहे. ती कापू नका, सोडवा, असा त्यांचा निरोप आहे. सुतळी परत कामाला येते.

तुमचा,
पहिल्या बाकावरचा विद्यार्थी